दादा आणि त्याचं बाळ

भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं एकच शब्द वापरला. "सुटला." काहींनी आवाज खाली घेऊन पुढे जोडलं, "आणि तूही सुटलीस गं." मी मान हलवली. माणसं चांगली होती, आणि तेव्हा माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. पण तो शब्द चपलेतल्या खड्यासारखा अजून टोचतो. दादा छप्पन्न वर्षं जगला. त्यातली शेवटची चार वर्षं वाईट गेली, हे खरंच आहे. मग आधीची बावन्न वर्षं काय शिक्षा होती?

दुसरा शब्द 'देवाचं लेकरू'. त्याचाही राग येतो, पण जरा कमी. निष्पाप, निरागस, कपट माहीत नसलेला वगैरे. असं म्हणणारी माणसं त्याच्याशी कधी बदाम सात खेळलेली नाहीत. बदामाची सत्ती हातात आली की दादा ती हळूच मांडीखाली सरकवायचा. ती पडल्याशिवाय डाव सुरूच होत नाही. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो, पानं मोजायचो, सतरंजीखाली शोधायचो, आणि सगळ्यांत काळजीचा चेहरा करून दादाच विचारायचा, "हरवली?" रेडिओचं बटण तोडलं तेव्हा त्यानं सांगितलं होतं, "वारा आला." खिडकी बंद होती.

म्हणून तो कसा होता ते लिहायला बसले आहे.

दादा १९६६ सालचा. आई तेव्हा चोवीस वर्षांची. डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांची ठेवण पाहिली, तळहातावरची एकच आडवी रेघ पाहिली, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यातली रुंद फट पाहिली. उचललं तर अंग चिंध्यांच्या बाहुलीसारखं सैल. मग ते म्हणाले, "मंगोल आहे. फार तर दहा-बारा वर्षं." आईला वाटलं मंगोल हे एखाद्या तापाचं नाव असेल. खरं तर आदल्याच वर्षी मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनं तो शब्द वापरणं सोडून दिलं होतं, पण तसे शब्द एका वर्षात जात नाहीत. दादाच्या जन्माच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८६६ मध्ये, जॉन लँग्डन डाऊन या इंग्लिश डॉक्टरनं अशा मुलांचं वर्णन लिहिलं आणि चेहऱ्यावरून त्यांना मंगोल वंशाचं लेबल लावलं. पुढे ते लेबल गेलं आणि डॉक्टरचं आडनाव राहिलं, डाऊन सिंड्रोम. आमच्या ओळखीच्या एक काकू शेवटपर्यंत समजत होत्या की डाऊन म्हणजे डोकं जरा 'डाऊन' असलेलं. त्यांना आडनावाची गोष्ट सांगून मी थकले.

या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. दादाचं हृदय ठणठणीत निघालं, आणि त्या काळात त्याचं जगणं बरंचसं त्यावरच ठरलं. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतसुद्धा डाऊन असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षं धरलं जायचं. आता तिथं ते साठच्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, छातीच्या संसर्गावर वेळेवर औषधं मिळू लागली, मुलांना संस्थांमध्ये टाकून देणं कमी झालं. दादाला तेरावं लागलं त्या सकाळी बाबा म्हणाले, "डॉक्टरांचा हिशेब चुकला." बाबा कमी बोलायचे. त्या दिवशी हेच वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं म्हणे.

सैल स्नायू आणि आखूड बोटं म्हणजे काय, हे शर्टाचं बटण लावायला बसल्याशिवाय कळत नाही. आईनं एका जुन्या उशीवर मोठाली बटणं आणि काजी शिवून दिली होती. त्या उशीशी त्याची दोन वर्षं झटापट चालली. बटणं आल्यावर मग त्यानं गळ्याचं वरचं बटणही कधी उघडं ठेवलं नाही. एवढ्या कष्टानं आलेली गोष्ट अर्धी कशाला वापरायची? बुटांची लेस त्याला एकोणिसाव्या वर्षी बांधता आली. त्या संध्याकाळी त्यानं घरातल्या प्रत्येकाचे बूट आणून ओळीनं मांडले, सगळ्यांच्या लेशी सोडल्या आणि सगळ्या पुन्हा बांधल्या. पुढे वेल्क्रोचे बूट मिळायला लागले तेव्हा मी हौसेनं आणून दिले. त्यानं पट्टी एकदा उघडली, त्या आवाजावर तोंड वाकडं केलं आणि बूट माझ्या हातात परत ठेवले. "लहान मुलांचे," म्हणाला.

मी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मला पहिल्यांदा त्याच्या शेजारी ठेवताना आईनं सांगितलं होतं, "हे तुझं बाळ हं." झालं. त्यानंतर एक्कावन्न वर्षं मी बाळ होते. केस पांढरे झाले, चाळिशी लागली, तरी दादा नव्या माणसाला माझी ओळख करून द्यायचा ती "माझं बाळ" अशी. मला मुलगा झाला तेव्हा आत्या कौतुकानं म्हणाली, "बघ, बाळ आलं." दादानं पाळण्यात वाकून पाहिलं आणि मान हलवली. "बाळ ही," माझ्याकडे बोट. "हा छोटा." माझा मुलगा आज सव्वासहा फुटांचा आहे आणि आमच्या घरात त्याचं नाव छोटाच आहे.

रस्त्यानं चालताना दादा गाड्यांच्या बाजूला राहायचा. मला आतल्या बाजूला ढकलायचा, जोरात, कधी कधी भिंतीला खांदा घासायचा. रस्ता ओलांडायचा असला की माझं मनगट पकडायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, बिचारी भावाला किती सांभाळते.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायचं टाळत होते तिच्याकडे येते.

१९८६. मी पंधरा वर्षांची. शाळेत नवीन मैत्रिणी झाल्या होत्या आणि त्यांना मी सांगितलं होतं की मी एकुलती एक आहे. का, ते पंधरा वर्षांचं असलेल्या कुणालाही समजेल. एक दिवस कंपासपेटी घरी विसरले. मधल्या सुट्टीत फाटकाशी दादा उभा. वरपर्यंत बटणं, पायात बूट, लेस बांधलेली, हातात माझी कंपासपेटी. तो आयुष्यात पहिल्यांदा एकटा एवढं चालून आला होता. घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. शिपायाला सांगत होता, "माझं बाळ. आत." मी गेले, पेटी घेतली. मैत्रिणीनं विचारलं, कोण गं? मी म्हटलं, "शेजारचा आहे."

तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं काही केलं नाही. मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि वळून चालायला लागला.

लोकांना वाटतं, अशा माणसांना बोलता कमी येतं म्हणजे कळतंही कमीच. उलट असतं. त्यांना समजतं त्याच्या मानानं तोंडातून फार थोडं बाहेर येतं. जिभेचे, ओठांचे स्नायू सैल, कानात वरचेवर पाणी साठून ऐकू कमी आलेलं, त्यामुळे शब्द अर्धे. 'कंपास' त्याला म्हणता यायचं नाही. पण 'शेजारचा' आलं. कारण त्या रात्री मी ते ऐकलं.

दादाला रात्री स्वतःशी बोलायची सवय होती. दिवा बंद झाला की तो सगळ्या दिवसाचा हिशेब मोठ्यानं मांडायचा. कोण आलं, कोण ओरडलं, उद्या काय. बाबांच्या आवाजात स्वतःला रागवायचा आणि मग स्वतःच्या आवाजात उत्तर द्यायचा. आमच्या खाटांच्या मध्ये एक पातळ फळी होती, त्यामुळे माझं बालपण हा कार्यक्रम ऐकत गेलं. त्या रात्री तो बराच वेळ गप्प होता. मग हळू आवाजात म्हणाला, "शेजारचा." थोड्या वेळानं पुन्हा, "शेजारचा." जसा एखादा नवीन शब्द तोंडात बसवून बघावा तसा. मी पांघरूण डोक्यावर घेतलं.

त्यानं आईला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मला नेहमीसारखं उठवलं. माफी मागायची कशी ते मला कळलं नाही, आणि पुढे मागायची राहून गेली ती गेलीच.

हे रात्रीचं बोलणं एकदा त्याला महागात पडलं. २००३ मध्ये बाबा गेले. दादा रडला नाही, सगळ्यांना पाणी देत फिरला, आणि लोक म्हणाले, बरंय, त्याला समजत नाही. तीन महिन्यांनी त्यानं कामावर जाणं बंद केलं. आंघोळ नको, पत्ते नकोत, आणि रात्रभर बाबांच्या आवाजात बोलणं. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत ठरवलं की याला भास होतात, आणि गोळ्या सुरू केल्या. दादाचे हात थरथरायला लागले, ओठांतून लाळ गळायला लागली, पत्त्याचं पान धरता येईना. पाच महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी आधी विचारलं, "हा लहानपणापासून स्वतःशी बोलतो का?" मग समजावलं, डाऊन असलेल्या बहुतेक प्रौढांमध्ये हे असतं, तो विचार करण्याचाच एक प्रकार आहे. आणि दुःख अशा माणसांमध्ये पुष्कळदा महिन्यांनी वर येतं, तेही वागण्यातून. गोळ्या हळूहळू कमी करून थांबवल्या. बाबांच्या खुर्चीत दादाला बसू द्या, एवढं त्यांनी सांगितलं. तो बसला, आणि दोन आठवड्यांनी कामावर गेला. ते पाच महिने मला अजून माफ करता आलेले नाहीत, स्वतःलासुद्धा. थायरॉइडच्या वेळीही आम्ही असंच केलं होतं. चौतिसाव्या वर्षी तो सुस्त झाला, आम्ही वर्षभर त्याला आळशी म्हणत राहिलो आणि शेवटी रक्त तपासलं. डाऊनमध्ये थायरॉइड इतका सर्रास बिघडतो की तो दरवर्षी तपासायचा असतो, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच्या कामाबद्दल सांगायला हवं. बाविसाव्या वर्षी तो एका कार्यशाळेत लागला, पाकिटं आणि फायली तयार करायच्या. त्याला दहापर्यंत नीट मोजता यायचं नाही. तिथल्या बाईंनी एका लाकडी फळीवर पाकिटाच्या आकाराची दहा घरं आखून दिली. सगळी घरं भरली की गठ्ठा बांधायचा. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या गठ्ठ्यात कधी नऊ निघाली नाहीत. मी एका मोठ्या कचेरीत हिशेब तपासते, आणि हे मला माझ्याबद्दल म्हणता येणार नाही.

वेळेचंही तसंच. घड्याळ त्याला वाचता यायचं नाही, पण मनगटावर कायम. दिसेल त्याला विचारायचा, "किती वाजले?" समोरच्यानं सांगितलं की स्वतःच्या घड्याळात बघून म्हणायचा, "बरोबर." लोक चक्रावून जायचे.

१९९४ मध्ये माझं लग्न ठरत होतं तेव्हा दादाची गुणसूत्रं तपासली. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. डाऊन असलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये एकविसावं गुणसूत्र सुटं, जास्तीचं असतं. थोड्यांमध्ये मात्र ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, आणि तसं असलं तर ते आईवडिलांपैकी एकाकडून आलेलं असू शकतं, भावंडांतही लपलेलं असू शकतं. अहवालाबरोबर एक फोटो मिळाला. सगळी गुणसूत्रं कापून जोडीजोडीनं कागदावर चिकटवलेली. पहिली लांबलचक, मग लहान होत गेलेली. एकविसाव्या जागी तीन. पुढे कुठंतरी वाचलं की सगळ्यांत लहान खरं तर बाविसावं नव्हे, एकविसावंच. आधी क्रम लावताना चूक झाली आणि मग ती तशीच राहू दिली. त्या एवढ्याशा तुकड्यावर दोनशेहून थोडी जास्त जनुकं. १९५९ मध्ये पॅरिसमधून हा शोध जाहीर झाला तेव्हा नाव झालं ते जेरोम लेज्यून यांचं. प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या मार्थ गोतिए कित्येक वर्षं मागेच राहिल्या.

दादाचं सुटं होतं. मला धोका नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच क्षणी लाजही वाटली. आईनं वेगळाच प्रश्न विचारला. "हे जास्तीचं कधी येतं?" मी सांगितलं, गर्भ राहतानाच. बहुधा आईचं बीज तयार होताना एक जोडी वेगळी व्हायची राहते. कुणाच्या करण्यानं किंवा न करण्यानं नाही. वय वाढलं की शक्यता वाढते, पण मुलं तरुण बायकांनाच जास्त होत असल्यानं अशी बरीच बाळंही त्यांच्याच पोटी येतात. आई बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ती पायरी नव्हती."

पाचव्या महिन्यात ती जिन्यावरून घसरली होती. एक पायरी. अठ्ठावीस वर्षं तिनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं, बाबांनासुद्धा.

दादाला तो फोटो दाखवला. त्यानं प्रत्येक जोडीवर बोट ठेवत नेलं. एकविसाव्यापाशी थांबला. "एक जास्त," म्हणाला, आणि जरा नाराज झाला. त्याला जोडी नसलेलं काहीही चालायचं नाही. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांनी २१ मार्च हा डाऊन सिंड्रोम दिवस मानला, एकविसावं गुणसूत्र तीनदा म्हणून. त्या दिवशी जगभर लोक विजोड मोजे घालतात, कारण गुणसूत्रं मोज्यांसारखी दिसतात. आम्ही एका वर्षी उत्साहानं घातले. दादा कामावरून आला, सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं, काहीही न बोलता एकेकाचे मोजे उतरवले, जोड्या लावल्या आणि पुन्हा घालायला लावले. त्याच्या सन्मानाचा कार्यक्रम त्यानं असा दहा मिनिटांत आटोपला.

आई २००९ मध्ये गेली आणि दादा माझ्याकडे आला. माझ्या नवऱ्याला तो लग्नानंतरची पहिली दोन वर्षं नुसतं 'तो' म्हणायचा. आता त्याच्याच खोलीशेजारी राहायला आल्यावर त्याला बढती मिळून तो 'साहेब' झाला.

सुरुवात लेशीपासून झाली. एक्कावन्नाव्या वर्षी एका सकाळी तो बूट घालून बसला आणि लेशीची दोन टोकं हातात धरून नुसता बघत राहिला. मी बांधायला वाकले तर हात झटकला. अर्ध्या तासानं उठला आणि लेस लोंबत ठेवून कामावर गेला. मग तो फरशीचा रंग बदलतो तिथं थांबायला लागला, जणू पुढं खड्डा आहे. पाय उचलून चाचपून टाकायचा. डॉक्टरांनी आधी बाकीचं सगळं पाहिलं, थायरॉइड, बी-१२, ऐकणं, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकतो का, मन उदास आहे का, कारण यातलं काहीही विसरण्याचं सोंग घेऊ शकतं. मोतीबिंदू होता. काढला. फरशीवरचं थांबणं तसंच राहिलं.

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचा जो पदार्थ साठतो, तो ज्या प्रथिनापासून बनतो त्याचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच आहे. तीन प्रती, म्हणजे जन्मापासून जास्त माल. चाळिशीपर्यंत डाऊन असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत ते थर दिसतात, लक्षणं पुढे कधीतरी. डॉक्टरांचा दहा-बारा वर्षांचा हिशेब चुकवून दादा जिथं पोचला तिथं हे वाट बघत होतं.

जे शेवटी शिकला होता ते आधी गेलं. लेस, मग फळीवरची पाकिटं, मग बटणं. वेल्क्रोचे बूट मी पुन्हा आणले. त्यानं पाय पुढं केला. त्या दिवशी मी रडले, बाकीच्या वेळी कामंच इतकी होती. सकाळी उठल्यावर अंगाला झटके यायचे, मग फिट्स. पाणी घशात अडकायचं म्हणून ते घट्ट करून चमच्यानं द्यायचं. रात्रीचं बोलणं आधी पुटपुटण्यावर आलं, मग नुसते ओठ, मग तेही नाही. दवाखान्यात एका नर्सनं मला विचारलं, "तुमचा मुलगा का?" दादा चार फूट दहा इंच, आणि तोवर वजनही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "मोठा भाऊ." तिला वाटलं असावं, माझ्या तोंडून ते चुकून आलं.

तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला, त्यातून उठला नाही. २०२२. पहाटे. मी तिथंच होते. त्यावर मला याहून जास्त लिहायचं नाही.

दहा दिवसांनी एका कचेरीत फॉर्म भरायला गेले. आई गेल्यापासून दादाच्या प्रत्येक कागदावर मी 'पालक' म्हणून सही केली होती, हात सवयीनं तोच शब्द लिहायला निघाला. पण या फॉर्मवर पालकाचा रकानाच नव्हता. 'व्यवसाय' होता. समोरच्या माणसानं दादाचं प्रमाणपत्र बघून सांगितलं, "तिथं काही नाही असं लिहा." मी लिहिलं, पाकिटं तयार करणे, २८ वर्षे. त्यानं काही म्हटलं नाही. त्याखाली 'मृताशी नाते' होतं. मी लिहिलं, धाकटी बहीण.

"नुसतं बहीण चालतं," तो म्हणाला. "धाकटी खोडा."

मी खोडलं नाही.